ग्रँट मंजूर झाली, पुढे काय? तरुणांमधला हिंसाचार रोखण्यासाठी आलेला निधी शहराने स्वीकारायचा कसा

अमेरिकेतल्या शहरांच्या कचेऱ्यांत आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांवर असलेली मराठी मंडळी मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात: "ग्रँट मिळाल्याचं पत्र येऊन चार महिने झाले, अजून एक डॉलर खर्च झालेला नाही. आमचं चुकतंय कुठे?" बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. पत्र आलं म्हणजे पैसे आले असं समजून कुणीतरी काम सुरू करतं, कुणीतरी पेपरात बातमी देतं, आणि कौन्सिलचा ठराव, बजेटमधली तरतूद, करारावरची सही ही सगळी कामं मागून धापा टाकत येतात.

मी काम केलेल्या एका शहरात एका आउटरीच वर्करने, म्हणजे वस्तीत फिरून मुलांशी बोलणाऱ्या, भांडणं मिटवणाऱ्या माणसाने, पत्र आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात काम सुरू केलं. एका रात्री साडेदहाला गोळीबारात जखमी झालेल्या मुलाला हॉस्पिटलात आणलं, तेव्हा हा माणूस आवारात उभा राहून त्या मुलाच्या चिडलेल्या मित्रांशी पहाटेपर्यंत बोलत राहिला. त्या रात्री बदला घ्यायला कुणी गेलं नाही. पण ग्रँटचा कालावधी सुरू व्हायला तेव्हा सहा आठवडे बाकी होते, त्यामुळे त्या सहा आठवड्यांचा पगार ग्रँटमधून देता आला नाही. शहराने तो शेवटी स्वतःच्या तिजोरीतून दिला. तोवर तीन महिने उलटले होते आणि तो माणूस एका गोदामात नोकरीला लागला होता. अशी माणसं सहज मिळत नाहीत. म्हणून हा लेख.

## १. पत्र हातात आल्यावर: आधी पैसा कुणाचा ते ठरवा

सगळे नियम पैशाच्या उगमावरून ठरतात. या कामासाठी शहराकडे पैसा साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट थेट फेडरल. न्याय खात्याचं ऑफिस ऑफ जस्टिस प्रोग्रॅम्स म्हणजे ओजेपी, आणि त्यातलं अल्पवयीनांसाठीचं ओजेजेडीपी. २०२२ च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज कायद्याने वस्तीपातळीवरच्या हिंसाचार-प्रतिबंधासाठी पाच वर्षांत मिळून २५ कोटी डॉलर ठेवले, ते याच वाटेने येतात. दुसरी वाट राज्याची: मॅसॅच्युसेट्समध्ये शॅनन ग्रँट, कॅलिफोर्नियात कॅलव्हिप. तिसरी खाजगी फाउंडेशनची.

पैसा फेडरल असेल तर '२ सीएफआर २००' ही फेडरल ग्रँटच्या खर्चाची आणि हिशेबाची नियमावली लागू होते. मूळ पैसा फेडरल असून तो राज्यामार्फत आला, तरीही ती लागू होते. इथे पुष्कळ जण फसतात. लेटरहेड राज्याचं दिसतं म्हणून राज्याचे नियम धरून चालतात आणि ऑडिटच्या वेळी डोळे उघडतात. पत्रात फेडरल अवॉर्ड नंबर आणि असिस्टन्स लिस्टिंग नंबर (फेडरल कार्यक्रमाचा क्रमांक) आहे का ते पाहा. असेल तर पैसा फेडरल.

मग पूर्ण अवॉर्ड डॉक्युमेंट वाचा. पत्र दोन पानांचं असतं, अटी वीस-तीस पानांच्या. एका कागदावर एवढंच उतरवून काढा:

- एकूण रक्कम, आणि त्यात शहराने घालायचा वाटा म्हणजे मॅच आहे का
- कालावधीची सुरुवात आणि शेवट, तारखेसकट
- स्वीकारायची शेवटची तारीख
- पैसे अडवून ठेवणाऱ्या अटी

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. बऱ्याच फेडरल अवॉर्डमध्ये अशी अट असते की बजेटला अंतिम मान्यता मिळेपर्यंत सगळी किंवा काही रक्कम गोठवलेली राहील. अवॉर्ड स्वीकारलेला असतो, ठराव झालेला असतो, आणि खात्यातून पैसे मात्र निघत नाहीत.

तपासणी: हा एक कागद वित्त विभाग, शहराचे वकील आणि कार्यक्रम चालवणारा विभाग या तिघांनीही वाचला का? एकाने वाचून दुसऱ्याला तोंडी सांगितलं, ते धरू नका.

## २. नोंदण्या आणि सह्यांचे अधिकार

हे काम छोटं आहे, पण याच्यामुळे गाडं अडतं. सॅम डॉट गव्ह या फेडरल संकेतस्थळावरची शहराची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. ती संपलेली असेल तर पुढचं काहीच हलत नाही. शहराचा बारा अक्षरी यूईआय, म्हणजे फेडरल ओळख क्रमांक, चालू आहे ना, तेही पाहा. जुन्या फाइलींत अजून आधीचा ओळख क्रमांक, डन्स नंबर, सापडतो, तो एप्रिल २०२२ पासून बाद झाला आहे.

ओजेपीचा अवॉर्ड जस्टग्रँट्स या प्रणालीत स्वीकारावा लागतो. तिथे सही करायचा अधिकार 'ऑथराइज्ड रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणून नेमलेल्या व्यक्तीलाच असतो. ती व्यक्ती निवृत्त झाली किंवा खातं सोडून गेली असेल तर आधी बदल करून घ्या. पैसे प्रत्यक्ष काढायला ट्रेझरीच्या एसॅप प्रणालीत वेगळी नोंदणी लागते, आणि ती वित्त विभागाने करायची असते.

सावधान: ओजेपीचा अवॉर्ड स्वीकारायला ४५ दिवस मिळतात. कौन्सिलच्या बैठका महिन्यातून दोनदाच होत असतील, मध्ये सुट्टी येत असेल आणि अध्यादेशाला दोन वाचनं लागत असतील, तर ४५ दिवस बघता बघता संपतात. पत्र आलं त्याच दिवशी कॅलेंडरवर उलटी मोजणी करा. मुदत अपुरी पडेल असं दिसलं तर ती संपण्याआधी ग्रँट मॅनेजरला लेखी कळवा.

## ३. कौन्सिलचा ठराव: एका ठरावात चार कामं

इथेच खरं घोडं पेंड खातं. कौन्सिलने 'ग्रँट स्वीकारली' एवढंच मंजूर केलं तर ते अपुरं आहे. स्वीकारणं वेगळं आणि खर्च करायची परवानगी वेगळी. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या कायद्याच्या प्रकरण ४४, कलम ५३ए खाली शहराचं खातं मेयर आणि कौन्सिलच्या मंजुरीने ग्रँट स्वीकारून खर्च करू शकतं. म्हणूनच तिथल्या आदेशांत 'स्वीकारणे आणि खर्च करणे' हे दोन शब्द कायम जोडीने येतात. तुमच्या राज्यात तरतूद वेगळी असेल, पण हे तत्त्व बहुतेक ठिकाणी सापडेल.

ठरावात ही चार कामं स्पष्ट लिहून घ्या:

1. ग्रँट स्वीकारणे. देणाऱ्याचं नाव, अवॉर्ड नंबर, रक्कम आणि कालावधी यांसह.
2. बजेटमध्ये तेवढीच रक्कम जमा आणि खर्च, दोन्ही बाजूंना दाखवणे.
3. कोण सही करणार ते नावाने न लिहिता पदाने लिहिणे, आणि मूळ कामाचा गाभा न बदलणाऱ्या दुरुस्त्यांवरही त्याच पदाला सही करायचा अधिकार देणे.
4. भागीदार संस्थांशी सबअवॉर्ड करार, म्हणजे ग्रँटमधला वाटा पुढे देण्याचे करार, करायचा अधिकार, संस्थांची नावं आणि रकमेची कमाल मर्यादा यांसह.

तिसरं काम सुटलं तर प्रत्येक किरकोळ बदलासाठी पुन्हा कौन्सिलपुढे जावं लागतं. चौथं सुटलं तर शहराकडे पैसे पडून राहतात आणि काम करणारी संस्था दारात उभी राहते.

आता आर्थिक वर्षाचा गुंता. समजा ग्रँट तीन वर्षांची आहे, १ ऑक्टोबरपासून तिसऱ्या वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत, आणि शहराचं वर्ष १ जुलै ते ३० जून. मग पहिले नऊ महिने एका वर्षात, मधली दोन वर्षं पूर्ण, आणि शेवटचे तीन महिने चौथ्या वर्षात जातात. म्हणजे तीन वर्षांच्या ग्रँटला शहराची चार आर्थिक वर्षं लागतात. ठरावात फक्त चालू वर्षाची तरतूद केली तर ३० जूनला उरलेली तरतूद रद्द होते आणि जुलैचे पगार अडकतात. त्यापेक्षा वेगळ्या स्पेशल रेव्हेन्यू फंडात (ठरावीक कामासाठीच्या पैशाच्या स्वतंत्र खात्यात) पूर्ण कालावधीची तरतूद करून घ्या आणि 'ग्रँट संपेपर्यंत ही तरतूद पुढे चालू राहील' हे वाक्य ठरावात घाला.

जाहीर सूचनेचे नियमही पाळा. कॅलिफोर्नियात ब्राऊन ॲक्ट या खुल्या बैठकांच्या कायद्याखाली नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये ४८ तास आधी, त्यात शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. विषय नीट न लिहिल्यामुळे ठराव पुढच्या बैठकीवर गेला की पंधरा दिवस हातचे जातात.

कौन्सिल सदस्य एक प्रश्न हमखास विचारतात: "ग्रँट संपल्यावर या माणसांचं काय?" त्याचं उत्तर आधीच लिहून न्या. 'पुढची ग्रँट शोधू' हे उत्तर होत नाही. कोणत्या पदांची जबाबदारी शहर घेईल, कोणती पदं मुदतीची आहेत आणि हे त्या माणसांना भरतीच्या वेळीच सांगणार आहोत का, असं उत्तर हवं.

तपासणी: ठरावातली रक्कम, अवॉर्डमधली रक्कम आणि बजेट दुरुस्तीतली रक्कम डॉलरपर्यंत जुळते का? तीन कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. एका ठिकाणी मंजूर झालेल्या ९ लाख डॉलरऐवजी अर्जातली जुनी रक्कम ठरावात राहून गेल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. दुरुस्तीला महिना गेला.

## ४. भागीदार संस्था: खरं काम त्यांच्या हातून होतं

तरुणांमधला हिंसाचार शहर-कचेरीत बसून थांबत नाही. वस्तीतली माणसं, मुलं ज्यांचं ऐकतात ती माणसं, हे काम करतात. कॅलिफोर्नियाच्या कॅलव्हिप कायद्याने म्हणूनच शहराला मिळालेल्या रकमेचा किमान निम्मा भाग वस्तीपातळीवरच्या संस्थांकडे किंवा पोलीस सोडून इतर प्रतिबंधक यंत्रणांकडे द्यायला सांगितलं. तुमच्या ग्रँटमध्ये अशी अट नसली तरी सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

आधी ठरवा: संस्था सबरेसिपियंट आहे की कंत्राटदार? कार्यक्रमाचे निर्णय ती घेते, कुणाला मदत द्यायची ते ती ठरवते, उद्दिष्टांची जबाबदारी तिची आहे, तर ती सबरेसिपियंट. एक ठरावीक सेवा बाजारभावाने विकत असेल, जसं की डेटाबेस किंवा छपाई, तर कंत्राटदार. कराराच्या मथळ्यावर काय लिहिलंय याला किंमत नाही, नातं कसं आहे ते पाहतात. सबरेसिपियंटला फेडरल अटी पुढे लागू होतात, आणि तिच्यावर देखरेख ठेवणं हे शहराचं काम ठरतं.

त्यानंतर जोखीम तपासा. संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं, आधीची ऑडिट पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी, वर्षभरात १० लाख डॉलर किंवा अधिक फेडरल पैसे खर्च केले तरच सिंगल ऑडिट, म्हणजे फेडरल पैशांचं खास ऑडिट, लागतं. आधी ही मर्यादा साडेसात लाख होती. लहान संस्थेचं सिंगल ऑडिट झालेलं नसतं, म्हणून ती धोकादायक आहे असं मानू नका. तिला वर्षातून दोन भेटी जास्त द्या, एवढंच.

आता पैशाचा विषय. यात संस्था बुडतात. बहुतेक शहरं सवयीने 'आधी खर्च करा, मग बिल पाठवा' या पद्धतीने करार करतात. समजा संस्थेला तीन वर्षांत ३ लाख ६० हजार डॉलर मिळणार आहेत, म्हणजे महिन्याला १० हजार. जानेवारीचा खर्च झाला. बिल १५ फेब्रुवारीला गेलं. शहराने ४५ दिवसांनी, मार्चअखेर पैसे दिले. तोवर संस्थेने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च मिळून ३० हजार डॉलर स्वतःच्या खिशातून घातले. ज्या संस्थेच्या बँकेत आठ हजार आहेत ती काय करेल? पगार लांबवेल. आणि पगार लांबला की सगळ्यात अनुभवी माणूस आधी जातो.

या सवयीला फेडरल नियमांचा आधार नाही. २ सीएफआर २०० मध्ये मूळ कल आगाऊ रक्कम देण्याकडे आहे. संस्थेकडे पैसे आले की लवकर खर्च करायची लेखी पद्धत आणि नीट हिशेब असले की झालं. बिलानंतर पैसे ही पद्धत मुख्यतः त्या अटी पूर्ण न करणाऱ्यांसाठी आहे. अवॉर्डच्या अटी आणि राज्याचा कायदा आड येत नसतील, तर करारातच लिहा: पहिल्या ३० दिवसांची रक्कम आगाऊ, त्यानंतर दर महिन्याला हिशेब आल्यावर पुढची. आगाऊ रकमेवरचं व्याज वर्षाला ५०० डॉलरपर्यंत संस्था ठेवू शकते, त्यापुढचं परत करावं लागतं. एवढी एक तरतूद करून घ्या. या अख्ख्या लेखातलं दुसरं काही जमलं नाही तरी हे जमवा.

इनडायरेक्ट खर्चही, म्हणजे भाडं, हिशेबनीस असा सगळ्या कामांना सामायिक खर्च, नाकारू नका. ज्या संस्थेचा ठरलेला दर नाही, तिला २०२४ च्या सुधारणेनंतर सुधारित थेट खर्चाच्या (काही मोठ्या बाबी वगळून उरणाऱ्या थेट खर्चाच्या) १५ टक्क्यांपर्यंत दर घेता येतो. 'आमच्या शहरात १० टक्केच देतात' असं सांगणारे अजून जुनी नियमावली वाचत आहेत.

सावधान: शहराच्या साच्यातल्या विम्याच्या अटी लहान संस्थेला झेपत नाहीत. करार पाठवण्याआधी रिस्क मॅनेजरशी बोला. सही व्हायच्या दिवशी विमा नाही म्हणून करार परत येतो, आणि तोवर कालावधीतले दोन महिने संपलेले असतात.

## ५. माणसं नेमताना

आउटरीच वर्करचा स्वतःचा भूतकाळ अनेकदा तुरुंगातून गेलेला असतो, आणि मुलं त्याचं ऐकतात ती त्याचमुळे. पण ओजेपीच्या अटींत असं असतं की १८ वर्षांखालच्या मुलांशी ज्यांचा संबंध येणार आहे, त्यांची योग्यता आधी तपासून लेखी ठरवायची. लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदी आणि गुन्हेगारी इतिहास, दोन्ही पाहावे लागतात, आणि ठरावीक काळाने फेरतपासणी करावी लागते. हा निर्णय मुलांशी पहिली भेट होण्याआधी व्हायला हवा. मागची तारीख टाकून चालत नाही.

शहराच्या एचआरचा सरसकट 'रेकॉर्ड असेल तर नोकरी नाही' असा नियम असेल, तर तो आणि ग्रँटची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचआरशी आधी बसा. कोणत्या गुन्ह्यांमुळे माणूस बाद होतो आणि कोणत्या बाबतीत विचार करून निर्णय घेता येतो, हे लिहून काढा. हे भरतीच्या जाहिरातीआधी झालं नाही तर योग्य माणूस तीन मुलाखती देऊन शेवटी नाकारला जातो. त्याला पुन्हा बोलावलं तर तो येत नाही, आणि वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना कळते.

माहितीची सीमाही आताच आखा. आउटरीच वर्करला मुलाने सांगितलेलं पोलिसांकडे जाणार का? बालछळाची सक्तीची नोंद आणि जिवाला तातडीचा धोका सोडून बाकीचं जाणार नाही, हे शहर, संस्था आणि पोलीस खातं यांच्यात लेखी असू द्या. शाळेकडून हजेरी किंवा शिक्षेच्या नोंदी हव्या असतील तर फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली पालकांची लेखी संमती लागते. मुलगा १८ चा झाला असेल तर त्याची स्वतःची.

तपासणी: प्रत्येक कर्मचाऱ्याची टाइमशीट प्रत्यक्ष कामाप्रमाणे भरली जाते का? अर्धा पगार ग्रँटवर असणाऱ्याने दर आठवड्याला बरोबर २० तास लिहिले, तर ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

## ६. खर्च सुरू झाल्यावर

ग्रँटसाठी वेगळा प्रोजेक्ट कोड उघडा, पहिल्या दिवसापासून. नंतर जर्नल एंट्रीने हलवू म्हणाल तर वर्षाअखेरीस कुणालाच काही आठवत नाही.

आधी शहर स्वतःच्या पैशातून ज्या पदाचा पगार देत होतं, तो आता ग्रँटवर टाकून शहराचा पैसा दुसरीकडे वळवणं म्हणजे सप्लांटिंग, आणि त्याला मनाई आहे. बजेट कपातीच्या वर्षात हा मोह फार होतो. पद खरोखर रद्दच होणार होतं असं असेल, तर तसा पुरावा ग्रँटच्या आधीच्या तारखेचा हवा.

खाणं आणि गिफ्ट कार्ड. मुलांच्या संध्याकाळच्या सत्रात जेवण लागतंच, उपाशी मुलं बसत नाहीत. पण न्याय खात्याच्या पैशातून खाण्यापिण्याचा खर्च सहसा मान्य होत नाही. मंजूर बजेटमध्ये तसं स्पष्ट नसेल तर फाउंडेशनच्या किंवा देणगीच्या पैशातून करा. गिफ्ट कार्ड वापरायला परवानगी असेल तर ती कुलपात ठेवा, क्रमांकानुसार नोंद करा आणि घेणाऱ्याची सही घ्या.

## ७. अहवाल

आर्थिक अहवाल, म्हणजे एसएफ-४२५, दर तिमाही संपल्यावर ३० दिवसांत जातो. खर्च शून्य असला तरी पाठवायचा. उशीर झाला तर पैसे काढणं थांबू शकतं.

कामगिरीच्या अहवालासाठी पहिल्या महिन्यातच आधाररेषा नोंदवा: कोणत्या परिसरात, किती मुलांशी आज कुणाचाच संपर्क नाही. सहा महिन्यांनी मागे वळून ती काढता येत नाही. आणि शहरभरातले गोळीबार कमी होतील असं वचन एका छोट्या ग्रँटच्या नावावर देऊ नका. किती मुलांशी आठवड्यातून किती वेळा भेट झाली, किती भांडणांत मध्यस्थी झाली, किती जण शाळेत किंवा कामावर टिकले, हे मोजा.

कालावधी संपल्यावर शेवटचा हिशेब १२० दिवसांत, आणि शेवटच्या आर्थिक अहवालापासून तीन वर्षं कागद जपून ठेवायचे. भागीदार संस्थेकडून तिचा हिशेब ९० दिवसांत मागा, म्हणजे तुमच्या हातात महिना राहतो.

## ८. ग्रँट मध्येच थांबली तर

एप्रिल २०२५ मध्ये ओजेपीने साडेतीनशेहून अधिक चालू ग्रँट एकाच वेळी रद्द केल्या. हिंसाचार-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्था त्यात मोठ्या संख्येने होत्या. ज्यांच्या करारात याचा विचार होता त्यांनी दिवस काढले, बाकीच्यांनी त्याच आठवड्यात माणसं काढली.

म्हणून भागीदाराच्या करारात रद्द होण्याचं कलम नीट लिहा: नोटीस मिळाल्याच्या दिवसापर्यंतचा मान्य खर्च शहर देईल, मोडता न येणाऱ्या देण्यांचं काय होईल, शेवटचं बिल किती दिवसांत द्यायचं. पैसे काढणं लांबवू नका. झालेला खर्च दर महिन्याला काढून घ्या. सहा महिन्यांचा खर्च न काढता बसलेल्या शहराला नोटीस आली तर त्या पैशांसाठी भांडावं लागतं.

आणि टप्पा तीनमधल्या ठरावात आणखी एक ओळ वाढवा. ग्रँट अचानक थांबली तर आउटरीच वर्करांचा ३० दिवसांचा पगार शहर जनरल फंडातून, म्हणजे स्वतःच्या सर्वसाधारण तिजोरीतून, देईल, कमाल रकमेसह. तेवढ्या दिवसांत प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष भेटून सांगायचं, की माझं काम थांबतंय, पुढे तुझ्यासोबत अमुक माणूस असेल. आणि त्या दुसऱ्या माणसाला त्याच भेटीत बरोबर न्यायचं.